फाटकावरची प्रार्थना

६ ऑक्टोबर, रविवार

शमूला काल आत घेतलं.

आत म्हणजे चर्चच्या आत. पेटी वेदीसमोर ठेवली, तीन गीतं झाली, फुलं झाली, सगळं रीतसर. बाहेरच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही. पण आमच्या सिकंदराबादच्या मराठी मंडळीत जेमतेम चाळीस घरं, आणि काल चाळीसही घरांनी एकमेकांकडे बघितलं. कारण आमच्याकडे जो आपल्या हातानं जातो त्याला आत घेत नाहीत. त्याची पेटी फाटकावर थांबते. पाळक बाहेर येतात, उन्हात उभ्यानं एक छोटी प्रार्थना करतात, ती पण घरच्यांसाठी, गेलेल्यासाठी नाही. आणि माती टाकताना 'पुनरुत्थानाच्या खातरीच्या आशेनं' एवढे शब्द गाळतात. हा नियम कुठं छापलेला नाही. पप्पांनी काढलेला. पाळक पप्पाच आहेत.

काल त्यांनी ते शब्द म्हटले. आवाज हलला नाही. शमू माझा मोठा भाऊ, त्यांचा मोठा मुलगा, आपल्या हातानं गेला, आणि त्याच्याबरोबर नियमही पुरला गेला.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला एवढंच दिसत होतं की मंगलामावशी तिसऱ्या बाकावर बसल्यात, गीताचं पुस्तक मिटलेलं, आणि ओठ हलत नाहीत. त्यांचा मुलगा दानी फाटकावर राहिला होता.

८ ऑक्टोबर

चिक्कडपल्लीची खोली सुटली. मी सोडली नाही, पप्पा ऑटो घेऊन आले आणि माझी गादी स्वतः खांद्यावर टाकून खाली गेले. प्रथमेश, माझा रूममेट, पुण्याचा, कंप्युटरवाला, म्हणाला, "जा रे, काकांना सोबत होईल." सोबत. मी काय कुत्रा आहे?

घरी माझ्या खोलीची कडी काढलीय. चार भोकं राहिलीत नुसती. विचारलं तर म्हणे गंजली होती. गच्चीला कुलूप. म्हणे माकडं येतात. सिकंदराबादच्या माकडांना कुलूप कळतं हे नवीनच. मला लिहायला ती एकच जागा होती.

ऑफिसला तब्येतीचं कारण कळवलंय. शमूचा निळा चौकड्यांचा शर्ट घातलाय परवापासून. मापाचा आहे.

९ ऑक्टोबर

काही नाही. गल्लीत बतुकम्मा चाललंय, बायका फुलांभोवती टाळ्या वाजवत गोल फिरतायत. खिडकी लावून घेतली.

१३ ऑक्टोबर, रविवार

आमची भक्ती दुपारी तीनला असते. सकाळी तेलुगू लोकांची होते, इमारत त्यांचीच, आम्ही पोटभाडेकरू. बाकांवर त्यांच्या बायकांच्या गजऱ्यातल्या कळ्या पडलेल्या असतात. त्या झटकायच्या आणि मराठीत देवाकडं बघायचं. माझं मराठी इथलंच, या बाकांवरचं. शिव्या मात्र मला उर्दूत येतात.

पप्पांचं नरकाचं प्रवचन दर वर्षी असायचं. लहानपणी संडे स्कूलला तर फळ्यावर चिकटवायच्या लाल कापडी ज्वाळा होत्या, पप्पांनी स्वतः कातरलेल्या. शमू तेव्हा सात वर्षांचा असेल. त्यानं विचारलं होतं, "पप्पा, तिथं कुणी पाणी देतं का?" पप्पा म्हणाले, "नाही." त्यानंतर शमू झोपताना उशाशी तांब्या घेऊन झोपायचा. मी हसायचो त्याला.

आज पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." इतकं सरळ.

म्हणाले, आग आहे, पण ती सोनाराची. आणि सोनार सोनं भट्टीत विसरून घरी जात नाही. म्हणाले, शेवटी सगळे येतील. उशिरा येतील, भाजून येतील, शिव्या देत येतील, पण येतील. एक जरी कायमचा बाहेर राहिला तर देव हरला, आणि देव हरत नाही.

पंखे चालू होते तेवढेच. एकनाथराव, आमच्या पंचांचे सेक्रेटरी, रेल्वेतून रिटायर, त्यांनी कानातलं मशीन काढलं, रुमालानं पुसलं, परत घातलं.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. क्षणभर पप्पा आवडले. मग लगेच आठवलं की दुसऱ्यांची पोरं होती तोवर नरक सिमेंटचा होता. घरचं पोरगं गेल्यावर त्याला दार फुटलं. वा. हाच शोध दोन महिने आधी लागला असता तर शमूच्या कानावर तरी पडला असता.

१५ ऑक्टोबर

मंगलामावशी आल्या. मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहेत, मूळच्या जालन्याच्या. ड्युटीवरून थेट आल्या, पांढऱ्या बुटांनीच.

"बसा, मंगलाबाई," पप्पा म्हणाले.

"बसत नाही. विचारायला आले. माझा दानी फाटकावर काऊन राहिला?"

"चुकलो मी."

"चुकलो म्हणजे? भाजीत मीठ चुकतं, पाळकसाहेब."

आई चहा घेऊन आली, मंगलामावशींनी हातानंच नको म्हटलं.

"तुम्ही सांगितलं माझं लेकरू जळतंय. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवावा असं तुम्हीच शिकवता. आठ वर्षं झाली, गॅस पेटवताना मी तोंड फिरवते. घरात तळण नाही. शेजारीण म्हणते तब्येतीला चांगलं. मी म्हणते हौ, चांगलं." मग माझ्याकडे वळून, "तू तर लिहितोस ना रे? हे लिही."

लिहिलं.

"आता तुमचा शमुवेल गेला तेव्हा कळलं की आग सोनाराची आहे. ठीक आहे. उशिरा का होईना. मग माझ्याबरोबर चला आणि ते शब्द म्हणा. त्याच्यापाशी उभं राहून."

"येतो," पप्पा म्हणाले.

"एकटं येऊ नका, घरचं कुणीतरी आणा. ऐकायला माणूस पाहिजे."

घरचं कुणीतरी म्हणजे मी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दफनभूमीच्या अगदी मागं, भिंतीला लागून, जिथं वॉचमनची शेळी बांधलेली असते, तिथं दानी. क्रॉसवर रंग नाही. मावशींनी येतानाच एक छोटा डबा आणि ब्रश आणला होता. आधी क्रॉस रंगवला. पप्पा अंगावर झगा, हातात पुस्तक, उन्हात थांबले. फार वेळ थांबले. शेळी तेवढी बोलली.

मग पप्पांनी सगळा विधी पहिल्यापासून केला, आणि 'पुनरुत्थानाच्या खातरीच्या आशेनं' म्हणाले.

"परत म्हणा," मावशी म्हणाल्या.

पप्पांनी परत म्हटलं.

मावशी खाली वाकल्या, मातीवर थापटलं, झोपलेल्या पोराला उठवतात तसं. "दानी, ऐकलंस ना? चल, आत ये आता."

मी फोनमध्ये बघत होतो. स्क्रीन बंद होती.

परत येताना बस स्टॉपवर मावशी म्हणाल्या, "आज पुऱ्या करते." पप्पा हसले. शमू गेल्यापासून पहिल्यांदा. मला ते हसणं सहन झालं नाही. किती स्वस्तात सुटला हा माणूस. दोनदा एक ओळ म्हटली आणि झालं?

२१ ऑक्टोबर

संध्याकाळी पंच घरी आले. तिघं, पण बोलले एकनाथरावच.

"पाळकसाहेब, दुःखात माणूस बोलून जातो. आम्ही समजतो. येत्या रविवारी तेवढं मागं घ्या."

"मी दुःखात बोललो नाही."

"बरं, सुखात बोललात. पण मागं घ्या." एकनाथराव हसले, कुणी हसलं नाही. "साहेब, सिग्नलला पोलीस नसला की हैदराबादेत कोण थांबतं? मी स्वतः थांबत नाही. नरक काढून घेतल्यावर भक्तीला कोण येईल, दुपारी तीनला, ह्या उन्हात?"

"जो प्रेमानं येईल तो येईल."

"मग तुम्ही, मी आणि वॉचमन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नाही घेतलं मागं तर जागा सोडावी लागेल. वेदीपण आणि हे मंडळीचं घरपण. मला बोलायला बरं वाटत नाही."

"सोडू," पप्पा म्हणाले. पाणी मागितल्यासारखं साधं. आईकडे बघितलं, आईनं मान हलवली.

मला वाटलं, बस, संपलं. पण एकनाथराव उठेनात. कानातलं मशीन हातात घेऊन चोळत बसले.

"माझा नातू, विनय. बारावीला नापास झाला होता त्या वर्षी. एवढ्यात सांगितलं त्यानं मला. म्हणाला, आजोबा, मी ठरवलं होतं. पण दानीची पेटी फाटकावर बघितली होती ना, घाबरलो. म्हणून राहिलो." त्यांनी मशीन परत कानात घातलं. "तुमच्या त्या फाटकानं माझं पोरगं मला ठेवलंय, साहेब. तुम्ही चुकला असाल. पण त्याला आता काय सांगू, फाटक काढलं म्हणून?"

पंच गेल्यावर पप्पा बराच वेळ त्याच खुर्चीत बसले, आणि माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काय?" म्हणाले, "काही नाही. जेवलास का?" रोज हेच. जेवलास का, झोपलास का. शमूला विचारायचं राहिलं म्हणून माझ्यावर उसनवारी.

२२ ऑक्टोबर

आईनं बरण्या पेपरात गुंडाळायला घेतल्यात. लोणचं, चटण्या, शमूचं बोर्नव्हिटा. घर खरंच सोडणार बहुतेक. काका जालन्याला बोलावतायत. पप्पा दिवसभर माझ्या मागं. आंघोळीला गेलो तर बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत. पेपर कालचा.

कसली तरी कादंबरी डोक्यात आहे, पानं नसलेली. म्हणजे फक्त समासातल्या टिपा. प्रथमेशला फोनवर सांगितलं. म्हणाला, "अरे भाई, आधी भात खा."

२४ ऑक्टोबर

आज जेवताना मजा आली. (शब्द चुकीचा आहे. राहू दे.)

पप्पा आपणहून बोलायला लागले, खूप दिवसांनी, शमूबद्दल. म्हणाले, "तो आता सुरक्षित आहे. मला त्याची काळजी नाही. कुणाचीच नाही. सगळे पोचणार." डोळे असे चमकत होते. एवढे ते कधी नितळ दिसले नव्हते. आणि मला राग आला. इतकी वर्षं आम्हाला भाजलंत आणि स्वतः मात्र आता एसीत?

मी म्हटलं, "मग थांबायचं कशाला, पप्पा? सगळ्यांचं तिकीट कन्फर्म असेल तर आजची गाडी काय आणि चाळीस वर्षांनंतरची काय. उलट आजच्या गाडीला गर्दी कमी."

आईचा हात ताटातच थांबला. पप्पा म्हणाले, "तुला तसं वाटतं?"

"वाटायचा प्रश्न नाही. लॉजिक आहे. तुमचंच. शमूनं फक्त आधी ओळखलं."

"अभिजीत, तुला तसं वाटतं का?"

"पप्पा, लाइट लो ना, एवढं मनावर काय घेता."

ते उठले. हात धुवायला गेले आणि नळ चालू करून तसेच उभे. पाणी वाहत होतं. इथं टँकर मागवायला लागतो.

जिंकलो म्हणायला हरकत नाही. वीस वर्षं या माणसाशी वाद घालतोय, पहिल्यांदाच तो ताटावरून उठला. गाडीचं वाक्य चांगलं जमलंय, कुठंतरी वापरीन.

२५ ऑक्टोबर

प्रथमेशचा फोन. "तुझ्या पप्पांनी मला फोन केला होता. विचारत होते तू इथं असताना कसा वागायचास, काही बोलायचास का. तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, म्हाताऱ्याला हेरगिरीचा नाद लागलाय. तो म्हणाला, "अभ्या, तू ठीक आहेस ना पण?" दोघांनाही एकच प्रश्न येतो.

दुपारी पप्पा एकनाथरावांकडे गेले. तासाभरानं आले ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे होऊन. आईशी आतल्या खोलीत बोलले. मग बाहेर बघतो तर आई बरण्यांवरचे पेपर सोडून त्या परत फळीवर मांडतेय.

"काय झालं? जायचं नाही?"

"नाही."

"का?"

ती माझ्याकडे वळली. आईनं मला कधी मारलं नाही, पण आज वाटलं मारेल. "काल जेवताना जे बोललास, ते बोलायची काय गरज होती रे?"

"थट्टा होती, आई."

"त्यांना सांग जाऊन. शंभर वेळा सांग."

गेलो नाही. यात सांगायचं काय? थट्टा समजावून सांगितली की मरते.

२७ ऑक्टोबर, रविवार

मागं घेतलं. सगळं मागं घेतलं.

पप्पांनी मला पहिल्या बाकावर बसवलं होतं. हट्टानं. "आज तू पुढं बस." कळ्या झटकल्या, बसलो. मला वाटलं निरोपाचं प्रवचन आहे, घर सोडायचं नाही तरी वेदी सोडत असतील, म्हणून कौतुकानं बसलो.

ते म्हणाले, "दोन आठवड्यांपूर्वी मी इथून जे बोललो ते बापाचं बोलणं होतं, पाळकाचं नव्हतं. नरक आहे. आणि तो संपत नाही." मग, "जो आपल्या हातानं जातो, तो त्यात जातो. कुणीही असो. माझा मुलगा असला तरी."

माझा मुलगा असला तरी, असं म्हटलं. माझ्याकडे बघत. सबंध प्रवचनभर एकदाही नजर दुसरीकडे नेली नाही. मंडळीला सांगत नव्हतेच ते. मला सांगत होते. बघ, मला कुणाची शरम नाही, असं दाखवत असावेत. कपाळावर घाम, दोन्ही हातांनी व्यासपीठ धरलेलं, आणि तोंडातून एक-एक वाक्य असं काढत होते जसं दुसरं कुणीतरी मागून ढकलतंय. "आहे. आहे. घाबरा. मी सांगतो, घाबरा त्याला."

एकनाथराव खाली बघत होते. त्यांच्याशेजारी विनय, तो पण.

आई उठून बाहेर गेली नाही. मला वाटलं जाईल. ती पदर तोंडाशी धरून पप्पांकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता. ते मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्या शमूला पुन्हा आगीत टाकणाऱ्या माणसाकडे ती जणू त्याला धीर देत बघत होती. घरासाठी माणसं काय-काय करतात.

मग तिसऱ्या बाकावरनं मंगलामावशी उभ्या राहिल्या. प्रवचनात आमच्याकडे कुणी उभं राहत नाही.

"म्हणजे परत?" त्या म्हणाल्या.

एवढंच. ओरडून नाही. वॉर्डमध्ये डॉक्टरला विचारतात तसं.

पप्पांनी व्यासपीठ सोडलं आणि परत धरलं. मी वाट बघितली. त्यांनी काही म्हटलं असतं, नाही मंगलाबाई, दानी नाही, फक्त इतर, काहीही, तरी मी त्यांना थोडं माफ केलं असतं. ते म्हणाले, "हो."

मावशींनी पर्स घेतली, बाकातून बाजूला झाल्या, आणि सगळ्या चर्चमधून चालत बाहेर गेल्या. बूट वाजत होते. दाराबाहेर पायरीवर बसल्या आणि तिथंच बसून राहिल्या. भक्ती संपल्यावर चाळीस घरं त्यांच्या बाजूनं उतरून गेली.

मी खाली वाकून म्हटलं, "मावशी, ते खोटं बोलतायत."

"कधी? तेव्हा का आत्ता?"

"आत्ता."

"तुला कसं माहीत?" मग माझ्याकडे नीट बघितलं. नर्स बघते तसं, डोळ्यांखाली, मग मनगटाकडे, मग शर्टाकडे. "हा कुणाचा शर्ट रे?"

"शमूचा."

त्यांनी मान वळवून आत बघितलं. पप्पा रिकाम्या बाकांमध्ये उभे होते. फार वेळ त्या बघत राहिल्या. मग उठल्या, साडी झटकली. म्हणाल्या, "घरी जा. त्यांच्याबरोबर जा. पाया पड म्हणत नाही, पण बरोबर जा." आणि गेल्या.

काय ते कळलं नाही. सगळी मंडळीच वेडी झालीय.

घरी आल्यावर मी पप्पांना जे बोलायचं ते बोललो. म्हटलं, दोन खोल्यांच्या क्वार्टरसाठी विकलंत शमूला. मंगलामावशींना दोन आठवडे सुट्टी दिलीत आणि परत बोलावलंत. म्हटलं, तुमचा नरक तुम्हालाच लखलाभ, आणि असलाच तर पहिले तुम्ही जाल.

"हो," पप्पा म्हणाले. "ते मी धरूनच चाललोय."

मला वाटलं आता वाद होईल. मी तयार होतो. ते पलंगाच्या कडेवर बसले, झगा अजून अंगावरच, आणि विचारलं, "उद्या ऑफिसला जाशील?"

"त्याचा काय संबंध?"

"नाही, सहज. जाशील?"

कटकट नको म्हणून म्हटलं, "जाईन."

"आणि परवा?"

"परवापण. रोज जातात ना माणसं ऑफिसला, पप्पा."

"हो, हो," ते म्हणाले. "रोज जातात." आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले, एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या तेलुगू अम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. शमूच्या वेळीसुद्धा असे रडले नव्हते. घर वाचलं, त्याचा आनंद असेल.